शून्य फट आणि तुटलेला स्टड

जुन्या साडेतीनशे सी.सी.च्या बुलेट मोटारसायकलच्या टॅपेटला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या साखळीतल्या खुंटीला, किती फट ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर "शून्य" असे आहे, आणि ज्याने आजवर इतर गाड्यांचे टॅपेट फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ, पाती घालून बसवले आहेत त्याला हे उत्तर पहिल्यांदा ऐकताना चेष्टा वाटते. इतर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या विसाव्या किंवा दहाव्या हिश्शाएवढी मोजलेली फट असते. माझ्या वडिलांच्या 1986 सालच्या गाडीत मात्र इंजिन पूर्ण थंड असताना फट ठेवायचीच नाही. पुशरॉड, म्हणजे टॅपेटची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारी दांडी, दोन बोटांत धरून गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. पात्याने हे मोजता येत नाही, ते बोटांनाच कळते. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी हे काम पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घरी करायला घेतले. अर्ध्या तासाचे म्हणून घेतलेले ते काम चार दिवस चालले. त्यातले साडेतीन दिवस टॅपेटचे नव्हते, झाकण धरून ठेवणाऱ्या एका पाव इंची स्टडचे, म्हणजे डोके नसलेल्या आट्यांच्या सळईचे होते.

या इंजिनाची रचना आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्या रचनेमुळेच झाला. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90 मिलिमीटर आणि एकूण 346 सी.सी. असे हे लांब धावेचे इंजिन आहे. मद्रासला 1955 मध्ये जो कारखाना उभा राहिला, त्याने इंग्लंडमधल्या रेडिचचा हा आराखडा फारसा न बदलता अनेक दशके चालवला. सिलिंडर ओतीव लोखंडाचा आहे आणि त्यावरचे हेड ॲल्युमिनिअमचे. कॅम, म्हणजे एका अंगाला उंचवटा असलेल्या फिरत्या चकत्या, खाली, इंजिनाच्या उजव्या पोटात असतात. त्यांच्यावर टॅपेट, टॅपेटवर दोन पुशरॉड, पुशरॉडच्या वरच्या टोकाला रॉकर आणि रॉकरखाली व्हॉल्व्ह, अशी ही साखळी आहे. फट जुळवण्याची सोय पुशरॉडच्या खालच्या टोकाला दिलेली असून तिथे पोहोचण्यासाठी सिलिंडरच्या उजव्या अंगाला, पायथ्याशी एक लहान झाकण आहे. ते झाकण मधोमध असलेल्या एकाच स्टडवर आणि एकाच नटावर बसते. चार बोल्टचा ताण जेथे चौघांत वाटला जातो तेथे हे काम एकट्याला करावे लागते, म्हणून तेल गळू लागले की प्रत्येक जण त्या एकाच नटाला आणखी थोडे आवळतो.

आमच्या गाडीला गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत किती जणांनी असे आवळले असेल याची गणती नाही. शनिवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, मी त्या नटाला पाना लावला. नट फिरला, पण फिरताना हाताला लागायला हवी तशी ती कुरकुर लागली नाही, उलट काहीतरी चिकट आणि मऊ असे जाणवले. ही जाणीव ओळखायला मी आता शिकलो आहे. नट सुटत असतो तेव्हा आधी अडतो, मग एकदम "टक्" करून सैल पडतो. स्टड पिळला जात असतो तेव्हा तो टॉफीसारखा ओढला जातो आणि पान्याला येणारा विरोध वाढण्याऐवजी कमी होतो. मला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. नट, वायसर आणि स्टडचे दीड सेंटिमीटरचे टोक असा सगळा ऐवज माझ्या हातात आला आणि उरलेला स्टड भोकाच्या तोंडापासून दोन मिलिमीटर आत राहिला.

बाबा ओट्यावर चहा घेत बसले होते. "तुटला?" एवढेच त्यांनी विचारले. मी मान हलवल्यावर म्हणाले, "मग आता घाई करू नकोस. घाईनेच तुटलाय तो, आपल्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी."

तुटलेला स्टड भोकाच्या बाहेर थोडा जरी डोकावत असेल तर काम सोपे असते. त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवून आतल्या नटाला उलटे फिरवता येते, पकडीने धरता येते, किंवा वेल्डिंगवाल्याकडून त्यावर एक नट चिकटवून घेता येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही मोडतो, म्हणून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातले बहुतेक मिस्त्री तीच युक्ती पहिली वापरतात. आत बुडालेल्या स्टडला यातले काहीच चालत नाही, त्याला भोक पाडावे लागते. भोक पाडायचे तर ते अगदी मध्यावर आणि सरळ पडले पाहिजे, कारण ड्रिल जरा तिरके गेले तर स्टडचे पोलाद सोडून सिलिंडरच्या भिंतीतले आटे खात सुटते. आमच्या बाबतीत आणखी दोन भये होती. पहिले असे की, स्टड ज्या भोकात बसतो ते सिलिंडरच्या भिंतीत आडवे घेतलेले आहे आणि त्या दिशेने फार आत गेले तर पलीकडे पिस्टन चालतो ती गुळगुळीत नळीच आहे. दुसरे असे की, भोकाच्या दोन्ही बाजूंना पुशरॉड आणि टॅपेट उघडे पडलेले असतात. तिथे पडलेला लोखंडाचा कीस तेलाबरोबर खाली कॅमच्या दातांपर्यंत पोहोचतो.

म्हणून त्या दिवशी मी ड्रिलला हात लावला नाही. टॅपेटच्या पोकळीत ग्रीस लावलेले फडके कोंबले आणि फडक्याला दोरा बांधून त्याचे टोक हँडलला अडकवले, कारण आत विसरलेले फडके हे किसापेक्षाही मोठे संकट असते. स्टडच्या तोंडावर गंज सोडवणारे तेल फवारले, सेंटर पंच टेकवून हलक्या हातोडीने दहा-बारा ठोके दिले आणि पुन्हा तेल सोडले. ठोके जोराचे नकोत. हेतू इतकाच की आट्यांमधला गंज तडकावा आणि तेलाला आत शिरायला वाट मिळावी. असे सकाळ-संध्याकाळ दोन दिवस केले. ज्यांना आज रात्रीच गाडी हवी असते त्यांचे स्टड सुटत नाहीत, असे माझे मत झाले आहे. एका रात्रीत जे तेल मुरत नाही ते तीन रात्रींत मुरते.

सोमवारी मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की या भागात गल्लोगल्ली लेथ, शेपर, फाउंड्री आणि त्यांना लागणाऱ्या सामानाची दुकाने आहेत. काही करून घ्यायचे असेल तर तोंडाने सांगण्यापेक्षा वस्तू टेबलावर ठेवणे बरे. ओळखीच्या लेथवाल्या काकांपुढे मी तुटलेले टोक आणि टॅपेटचे झाकण ठेवले. त्यांनी टोकाकडे क्षणभरही पाहिले नाही, झाकण उचलले आणि त्याच्या मधल्या भोकात करंगळी घातली.

"तुझ्या हातात गाईड आहे की रे," ते म्हणाले. "यातच बुश बसव. झाकण जागेवर ठेवलंस की भोक आपोआप मध्यावर पडणार."

माझ्या डोक्यात ही गोष्ट दोन दिवसांत आली नव्हती. झाकणाचे भोक नेमके स्टडच्या मध्यावर येते, आणि झाकण सिलिंडरच्या सपाट तोंडावर टेकले की त्यातून जाणारी कुठलीही वस्तू त्या तोंडाला काटकोनातच राहते. काकांनी झाकणाच्या भोकात घट्ट बसेल एवढ्या जाडीचा पोलादी बुश वळला आणि त्याच्या पोटात तीन मिलिमीटरचे भोक घेतले. या कामाला त्यांना दहा मिनिटे लागली आणि त्यांनी चहाचेच पैसे घेतले. निघताना मी इझी-आउट घेऊ का असे विचारले, तर त्यांनी स्वच्छ नकार दिला. इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाची निमुळती सळई. ती भोकात ठोकून उलटी फिरवली की स्टडला पकडून बाहेर आणते, असे तिचे काम. परंतु लहान मापाची इझी-आउट कडक आणि ठिसूळ असते, आणि जो स्टड चांगल्या पान्याला दाद देत नाही तो तिलाही देत नाही. ती आत तुटली की साध्या ड्रिलने ती कापली जात नाही आणि मग घरचे काम संपते. त्याऐवजी त्यांनी मला उलट्या पिळाचे ड्रिल दिले. ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरत कापते, त्यामुळे ते अडकले तर स्टडला आवळण्याऐवजी सोडवते.

घरी येऊन झाकण जुन्या पॅकिंगच्या खुणेवर नीट बसवले, बाबांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरले आणि मी ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टीची खूण केली. ही खूण म्हणजे सिलिंडरच्या नळीपासून राखलेले अंतर होते. तुटलेल्या टोकाची लांबी, बाहेरून दिसणारी भिंतीची जाडी आणि थोडा धाक अशा तीन गोष्टींची बेरीज-वजाबाकी करून मी आठ मिलिमीटर हे माप धरले. तीन मिलिमीटरच्या ड्रिलने मंद वेगाने, तेल सोडत, दर दोन-तीन मिलिमीटरनंतर बाहेर काढून कीस पुसत भोक पाडले. मग बुश काढून उलट्या पिळाचे चार मिलिमीटरचे ड्रिल लावले. काही सेकंद ते नुसते कापत राहिले, आणि मग अचानक ड्रिल अडकल्यासारखे वाटून मशीनचा आवाज बदलला. मी बोट काढले. पात्याच्या टोकावर, जणू काही झालेच नाही अशा थाटात, स्टडचा उरलेला तुकडा बाहेर आलेला होता.

खरी हकीकत मात्र त्या तुकड्याने सांगितली. त्याच्या आट्यांत पांढरट, राखाडी लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरलेली होती आणि आटे मिलिमीटरचे होते. हे गाडीचे मूळ माप नाही. या इंजिनाचे आटे इंची आहेत. पाव इंचाच्या बारीक आट्यात एका इंचाला 26 आटे बसतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर 0.977 मिलिमीटर भरते. सहा मिलिमीटरच्या प्रचलित बोल्टमध्ये हेच अंतर 1 मिलिमीटर असते. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सहाचा बोल्ट पाव इंची भोकात तक्रार न करता शिरतो आणि बरेच फेरे चढतोही. फक्त पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, त्यामुळे तो सैल राहतो आणि आट्यांच्या नुसत्या शेंड्यांवर टेकतो. कधीतरी कुणा मिस्त्रीकडे योग्य स्टड नव्हता, म्हणून त्याने सहाचा बोल्ट कापून लांबी भरून तिथे बसवला असणार. सैल स्टडमुळे झाकण गळले, झाकण गळले म्हणून पुढच्याने नट आवळला, आणि त्याच्या पुढच्यानेही. कोणत्या गॅरेजात हे घडले ते बाबांना आठवत नाही, आणि आठवले असते तरी मला नाव लिहायचे नव्हते.

नशीब असे की तो सहाचा बोल्ट आखूड होता. भोकाच्या तोंडाचे चार-पाच आटे चेचले गेले होते, पण त्यामागचे आटे कुणीही न स्पर्शलेले, कारखान्यातून आले तसे शाबूत होते. ओतीव लोखंडात आटे फारसे लवचीक नसतात, ते वाकत नाहीत तर कणाकणाने चुरतात, म्हणून तिथे जबरदस्तीने टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवणे धोक्याचे असते. मी पाव इंची, 26 आट्यांचा टॅप हाताने, ग्रीस लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे अशा रीतीने आत घातला. टॅपच्या खाचांत भरलेल्या ग्रीसमध्ये लोखंडाची भुकटी अडकून बाहेर येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने भोकाची खोली मोजली आणि मूळ मापापेक्षा सहा मिलिमीटर लांब स्टड काकांकडून वळून आणला. तो हाताने शेवटपर्यंत बसला. पाना लागलाच नाही.

हेच जर ॲल्युमिनिअमच्या हेडमधल्या सायलेन्सरच्या स्टडचे प्रकरण असते, जे घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त भेटते, तर मी आटे वाचवण्याच्या फंदात न पडता भोक मोठे करून त्यात तारेच्या आट्यांची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवली असती. ॲल्युमिनिअममधला गंजलेला स्टड आणि ओतीव लोखंडातला स्टड यांना एकच औषध लागू पडत नाही. ॲल्युमिनिअममध्ये ड्रिल नेहमी मऊ धातूकडे सरकते, म्हणून तिथे बुशशिवाय भोक पाडणे हा निव्वळ जुगार आहे.

आता मूळ कामाकडे. मंगळवारी सकाळी, पुन्हा थंड इंजिनावर, प्लग काढून गाडी न्यूट्रलला टाकली आणि किक हाताने हळूहळू दाबत राहिलो. प्लग काढल्याने कॉम्प्रेशनचा विरोध नाहीसा होतो आणि इंजिन हवे तिथे थांबवता येते. इनलेटचा पुशरॉड वर जाऊन खाली आला की त्यापुढच्या पिस्टनच्या चढावर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि पिस्टन माथ्यावर पोहोचतो तेव्हा दोन्ही टॅपेट कॅमच्या उंचवटा नसलेल्या गोल भागावर टेकलेले असतात. फट याच जागी पाहायची. पिस्टन माथ्यावर आला हे पाहण्यासाठी काही जण प्लगच्या भोकातून सायकलची तार घालतात, पण या हेडमध्ये प्लग तिरका बसतो आणि तार आत वाकून अडकू शकते. मी शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी वापरली. बाबांना त्याचीही गरज नव्हती. त्यांच्या पिढीतले बुलेटवाले किक मारण्यापूर्वी अँमीटरचा काटा बघत इंजिन याच जागेच्या जवळ आणून ठेवत, मग डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवत आणि त्यानंतरच किकवर पूर्ण वजन टाकत.

पुशरॉडच्या टोकाशी तीन षटकोनी जागा असतात. वरची पुशरॉडची, मधली लॉकनटची आणि खालची जुळवणीच्या वाटीची. तीन पाने लागतात आणि हात दोनच असतात, त्यामुळे तिसरा पाना सिलिंडरच्या पाकळ्यांना टेकवून ठेवायचा. लॉकनट सैल करून वाटी फिरवली की पुशरॉड लांब किंवा आखूड होतो. आधी बोटांना वर-खाली खेळ जाणवेल इतका तो सैल केला, मग खेळ नाहीसा होईपर्यंत लांबवला, आणि फिरवताना जडपणा आला तर केसभर मागे घेतला. लॉकनट आवळताना वाटी किंचित फिरते आणि जुळवलेले माप बिघडते, म्हणून इथे तीन-चार प्रयत्न लागणे हे नवशिक्याचे नव्हे, सर्वांचेच नशीब आहे. इनलेट दुसऱ्या प्रयत्नात बसला. एक्झॉस्टने पाच घेतले.

थंड असताना शून्य ठेवलेली फट गरम झाल्यावर नाहीशी होऊन व्हॉल्व्ह उघडा का राहत नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. सिलिंडर आणि हेड तापून उंच होतात, त्यामुळे फट वाढू पाहते. पुशरॉड त्यांच्याइतके तापत नाहीत, पण ते ॲल्युमिनिअमचे आहेत आणि तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनिअम ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. हा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. उलट, थंड इंजिनावर पुशरॉड जड फिरत असेल तर मात्र व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता त्या बैठकीतूनच हेडमध्ये जाते, म्हणून न टेकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. व्हॉल्व्ह बैठकीत झिजत जातो तशी फट आपोआप कमीच होत असते. टॅपेटची टिकटिक ऐकून लोक गॅरेज गाठतात, पण आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा वर्षानुवर्षे गप्प झालेल्या टॅपेटची मला जास्त काळजी वाटते. 2009 च्या आसपास आलेल्या नव्या इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असून ते हा हिशेब स्वतःच करतात, त्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांना या लेखाचा निम्मा भाग निरुपयोगी आहे.

शेवटी झाकण. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर झाकण आठाच्या आकारात घासले, तेव्हा कडा चमकल्या आणि मधला भाग काळाच राहिला, म्हणजे वर्षानुवर्षांच्या आवळण्याने ते वाकलेले होते. सगळीकडे सारखी चमक यायला पाऊण तास लागला. नवे पॅकिंग घातले आणि नट बसवताना पाना टोकाला न धरता डोक्याजवळ, तीन बोटांत धरला. सहा मिलिमीटरच्या चांगल्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पिळ पुरतो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे दहा किलोचा जोर. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलो टाकले की तो चौपट होतो, आणि गळती थांबवण्याच्या भरात वीस किलो टाकणे अगदी सोपे असते. या झाकणाला तर त्या दहाचीही गरज नव्हती.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून आणली आणि रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्राचे पान पसरून ठेवले. सकाळी बाबांनी ते पान उचलून उजेडात धरले. टॅपेटच्या झाकणाखाली कागद कोरडा होता. तेलाचे दोन थेंब होते, पण ते डाव्या बाजूला, चेनकेसच्या, म्हणजे चेनच्या पेटीच्या, खाली. "चेनकेसच्या नटाला हात लावू नकोस," बाबा म्हणाले, "आधी झाकण काचेवर घासून बघ."